ग्रेनेडीन्स बेटांमधील शिडाच्या नौकेची भ्रमंती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅरिबियन समुद्रातील लहान बेटांमध्ये स्वतः नौका हाकत फिरण्याची इच्छा असलेल्या मराठी वाचकांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. कॅरिबियन विस्तीर्ण आहे, त्यामुळे येथे सेंट व्हिन्सेंट ते ग्रेनेडा एवढ्याच पट्ट्याचा विचार केला आहे. सांगण्याचा मुख्य मुद्दा एकच आहे : येथील अंतरे इतकी कमी आहेत की माणूस घाई करतो, आणि या बेटांवर बहुतेक अडचणी घाईतूनच उद्भवतात.

ग्रेनेडीन्स बेटे नेमकी कोठे आहेत आणि ती कोणत्या देशाची आहेत?

कॅरिबियन समुद्राच्या पूर्व कडेला सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडा ही दोन डोंगराळ, ज्वालामुखीजन्य बेटे आहेत, आणि त्यांच्या मधल्या सुमारे ६० सागरी मैलांत लहान बेटांची जी रांग लागते ती ग्रेनेडीन्स. उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना बेक्वे, मस्टीक, कॅनुआन, मायरो, टोबेगो कीज, युनियन आणि पेटी सेंट व्हिन्सेंट ही बेटे लागतात; ती सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडीन्स या देशात मोडतात. त्यापुढची कॅरिआकू आणि पेटी मार्टिनिक ही बेटे ग्रेनेडाची आहेत. ग्रेनेडा १९७४ मध्ये आणि सेंट व्हिन्सेंट १९७९ मध्ये ब्रिटिश राजवटीतून स्वतंत्र झाले. दोन्हीकडे पूर्व कॅरिबियन डॉलर हे एकच चलन चालते आणि १९७६ पासून एका अमेरिकी डॉलरला २.७० हा त्याचा दर बांधलेला आहे.

बेक्वे साधारण १३ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे मंगळूर आणि चेन्नईच्या रेषेत येते. त्यामुळे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो आणि वर्षभर सहा-साडेसहाच्या सुमारास अंधार पडतो. नौकेवरचे सगळे वेळापत्रक या एका गोष्टीवर बेतावे लागते.

कोणत्या महिन्यांत जावे?

डिसेंबर ते मे. या काळात पूर्व आणि ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे स्थिर असतात आणि पाऊस कमी असतो. मात्र डिसेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंत वाऱ्याचा जोर वाढतो. स्थानिक लोक त्यांना नाताळचे वारे म्हणतात. तेव्हा २५ नॉट (ताशी सागरी मैल) आणि त्याहून अधिक वारा अनेक दिवस सलग वाहतो, बेटांच्या मधल्या खुल्या पाण्यात लाटा मोठ्या असतात, आणि नेमक्या याच दिवसांत नौकांचे भाडे सर्वांत जास्त असते. पहिल्यांदा जाणाऱ्याने मार्चचा मध्य ते मेची अखेर हा काळ निवडावा असे माझे स्पष्ट मत आहे. वारा तेव्हा साधारण १५ ते २० नॉटच्या आसपास राहतो, मुक्कामाच्या खाड्यांमधली गर्दी ओसरलेली असते आणि भाडेही उतरलेले असते.

हिवाळ्यात आणखी एका गोष्टीकडे लक्ष ठेवावे लागते. उत्तर अटलांटिकमध्ये मोठी वादळे झाली की त्यांच्या लांब लाटा दोन-तीन दिवसांनी येथवर पोहोचतात. आकाश निरभ्र आणि वारा बेताचा असतानाही उत्तर-पश्चिमेकडे तोंड असलेल्या खाड्यांमध्ये नौका रात्रभर डोलत राहते आणि किनाऱ्यावर डिंगी (नौकेवरून किनाऱ्यावर ये-जा करण्याची लहान होडी) उलटण्याइतक्या लाटा फुटतात. म्हणून केवळ वाऱ्याचा अंदाज पाहून मुक्काम ठरवू नये. लाटांचा अंदाज वेगळा पाहावा.

१ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत मोसम आहे. आपल्याकडे पश्चिम किनाऱ्यावरची मासेमारी बंदीही १ जूनलाच सुरू होते. पण नारळी पौर्णिमेच्या सुमारास आपला समुद्र शांत होऊ लागतो, तर तिकडे ऑगस्ट ते ऑक्टोबर हेच सर्वांत धोक्याचे महिने असतात. हा उलटा हिशेब कोकणातल्या माणसाने मुद्दाम मनावर बिंबवून घ्यावा.

ही बेटे तर दक्षिणेला आहेत. चक्रीवादळे तिथपर्यंत येतात का?

येतात. ग्रेनेडा वादळांच्या वाटेच्या दक्षिणेला आहे या समजुतीवर अनेक नौकामालक वादळांच्या मोसमात आपल्या नौका तेथे आणून ठेवत आले आहेत, आणि अनेक विमा करारांतही अक्षांशाची अशीच एक सीमा असते. ही समजूत सप्टेंबर २००४ मध्ये आयव्हन वादळाने मोडली. त्यात ग्रेनेडामधील जायफळाची बहुतेक झाडे आडवी झाली. त्यानंतर १ जुलै २०२४ रोजी बेरील हे चौथ्या श्रेणीचे वादळ थेट कॅरिआकूवर आदळले. मोसमाच्या अगदी आरंभी इतके प्रबळ वादळ येणे अभूतपूर्व होते. कॅरिआकू, पेटी मार्टिनिक, युनियन, मायरो आणि कॅनुआन येथील बहुसंख्य घरांची छपरे उडाली किंवा घरेच कोसळली. कॅरिआकूच्या टायरेल बे या खाडीलगतच्या खारफुटीत आसरा घेतलेल्या नौका एकमेकींवर चढून मोडल्या. खारफुटीत नौका बांधून ठेवणे ही तेथील पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती, तरीही हे घडले.

बेरीलनंतर तेथे पर्यटक म्हणून जाणे योग्य आहे का?

योग्य आहे, आणि जावे. या बेटांचे उत्पन्न मासेमारी आणि नौकांवरून येणाऱ्या पाहुण्यांवर अवलंबून आहे. पाहुणे थांबले की पाव भाजणारी बाई, बर्फ विकणारा मुलगा आणि डिंगीचे इंजिन दुरुस्त करणारा मिस्त्री या सगळ्यांचे उत्पन्न थांबते. मात्र जुन्या मार्गदर्शक पुस्तकात लिहिलेली गोदी, दुकान किंवा बोया (तळाशी बांधलेली तरंगती खूण) आजही असेल असे गृहीत धरू नये. निघण्यापूर्वी चार्टर कंपनीकडून, म्हणजे नौका भाड्याने देणाऱ्या कंपनीकडून, ताजी माहिती घ्यावी, पाणी आणि डिझेल सेंट व्हिन्सेंट किंवा बेक्वे येथेच भरून घ्यावे, म्हणजे युनियन किंवा मायरोच्या तुटपुंज्या साठ्यावर आपला भार पडत नाही. खर्च मात्र त्याच लहान बेटांवर करावा. भाजी, मासे, जेवण, धुलाई हे सर्व तेथे मिळते तेव्हा तेथेच घ्यावे.

नौका स्वतः चालवण्यासाठी परवाना लागतो का? अनुभव किती असावा?

भाड्याने नौका देणाऱ्या कंपन्या प्रमाणपत्रापेक्षा अनुभवाचा लेखी तपशील बारकाईने पाहतात : किती लांबीची नौका चालवली, कोणत्या पाण्यात, रात्री नांगरावर किती वेळा राहिलात. डे स्किपर (दिवसा लहान नौका स्वतः चालवण्याचे ब्रिटिश प्रमाणपत्र) याच्या तोडीचे प्रशिक्षण असल्यास उत्तम. अनुभव अपुरा वाटल्यास कंपनी पहिले एक-दोन दिवस आपला कप्तान सोबत देते. हा खर्च टाळू नये, कारण त्या दोन दिवसांत कप्तान खाड्यांची जी ओळख करून देतो ती कोणत्याही नकाशातून मिळत नाही.

ज्यांचा अनुभव मुंबई बंदरातला किंवा मांडवीच्या मुखातला आहे त्यांना शिडांचे काम अवघड जाणार नाही. त्यांना नवी असते ती खुल्या समुद्राची लाट आणि प्रवाळखडक. ब्रिटिश व्हर्जिन बेटांमध्ये समुद्र बेटांनी वेढलेला असल्यामुळे पाणी तुलनेने शांत असते. ग्रेनेडीन्समध्ये एक बेट मागे पडले की पुढचे येईपर्यंत अटलांटिकची लाट सरळ अंगावर येते. ज्याने यापूर्वी कधीच नौका चालवलेली नाही त्याने कप्तानासह नौका घ्यावी; त्यात कमीपणा काहीच नाही, उलट शिकायला भरपूर मिळते.

भारतात शिकलेल्या नाविकाला कोणती सवय मोडावी लागते?

बोयांचा रंग. भारतात समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया डावीकडे ठेवायचा असतो. जगातील बोयांच्या दोन व्यवस्थांपैकी भारत अ विभागात येतो, तर संपूर्ण अमेरिका खंड आणि कॅरिबियन ब विभागात. तेथे शिरताना लाल उजवीकडे आणि हिरवा डावीकडे. नियम पाठ होतो, पण थकलेल्या अवस्थेत, तोंडावर पाऊस असताना हात जुन्या सवयीने सुकाणू फिरवतो. म्हणून प्रत्येक बंदरात शिरण्यापूर्वी हा नियम मोठ्याने उच्चारून सुकाणूवरच्या माणसाला ऐकवावा. शिवाय येथील बोये संख्येने थोडे असतात, काही जागेवर नसतात आणि त्यांचे दिवे लागतीलच याची खात्री नसते. रात्री अनोळखी खाडीत न शिरण्याचे हे एक सबळ कारण आहे.

दुसरा फरक भरती-ओहोटीचा. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते, आणि आपला प्रत्येक हिशेब त्यावर चालतो. ग्रेनेडीन्समध्ये हा फरक जेमतेम अर्धा मीटर असतो. खोलीचा हिशेब त्यामुळे सोपा होतो, पण त्याचा अर्थ असाही आहे की खडकावर नौका चढली तर तिला पुढच्या भरतीने उचलून काढण्याची आशा नसते.

प्रवास कोणत्या दिशेने आणि कसा आखावा?

उत्तरेकडून दक्षिणेकडे. बेटांची रांग किंचित नैर्ऋत्येकडे झुकलेली आहे आणि वारा पूर्वेकडून येतो, त्यामुळे दक्षिणेला जाताना वारा बाजूने किंवा मागच्या अंगाने लागतो. परत उत्तरेला येताना तोच वारा तोंडावर येतो, शिवाय पाण्याचा प्रवाह पश्चिमेकडे ढकलत असतो. शक्य असल्यास सेंट व्हिन्सेंटला नौका घेऊन ग्रेनेडाला सोडावी. यासाठी कंपनी जादा रक्कम घेते, पण ती देणे रास्त आहे. नौका मूळ ठिकाणी परत आणायचीच असेल तर परतीच्या प्रवासासाठी जाण्यापेक्षा दीडपट दिवस हाताशी ठेवावेत.

दहा दिवसांचा एक चांगला कार्यक्रम असा होऊ शकतो. सेंट व्हिन्सेंटच्या दक्षिण टोकाजवळील ब्लू लगूनहून बेक्वेच्या ॲडमिरल्टी बे पर्यंतचे अंतर अवघे नऊ-दहा सागरी मैल आहे, पण मधली सामुद्रधुनी या प्रवासातली कसोटीची जागा आहे. प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध वाहू लागला की तेथे लाटा उभ्या आणि आखूड होतात. बेटाच्या आडोशात असतानाच शिडाला रीफ घेऊन ते आखूड करावे. उघड्यावर आल्यावर डोलकाठीपाशी कसरत करण्याची वेळ येऊ देऊ नये. बेक्वेला किमान दोन रात्री राहावे. तेथून कॅनुआन सुमारे वीस मैल. कॅनुआनहून मायरो पाच-सहा मैल, मायरोहून टोबेगो कीज तीन मैल, तेथून युनियनचे क्लिफ्टन बंदर चार-पाच मैल आणि क्लिफ्टनहून कॅरिआकूचे हिल्सबरो आठ मैलांच्या आसपास. हे सगळे आकडे पाहून दोन-तीन बेटे एका दिवसात उरकण्याचा मोह होतो. तो आवरावा. दुपारी एकच्या सुमारास नांगर पडला की पोहणे, गावात चक्कर आणि उद्याच्या हवामानाचा विचार या तिन्हींना वेळ मिळतो. मस्टीक हे खासगी कंपनीच्या मालकीचे, महागडे बेट आहे. दिवस थोडे असतील तर ते वगळले तरी चालेल.

प्रवाळखडकांमधून वाट कशी काढायची?

डोळ्यांनी. इलेक्ट्रॉनिक नकाशा सोबत असतोच, पण येथे अंतिम शब्द पाण्याच्या रंगाचा असतो. गडद निळे पाणी खोल, फिकट हिरवट-निळे पाणी उथळ आणि वाळूचे, पिवळसर किंवा तपकिरी झाक दिसली की खाली प्रवाळ. समुद्री गवताचा काळपट डाग आणि खडकाचा डाग यांत फसगत होते. कडा मऊ आणि पसरट असेल तर बहुधा गवत, तुटक आणि ठिपक्याठिपक्यांची असेल तर खडक समजून दूर राहावे. हे रंग दिसण्यासाठी सूर्य उंच आणि आपल्या पाठीशी असावा लागतो, म्हणून सकाळी दहा ते दुपारी तीन ही वेळ साधावी. ध्रुवीकृत काचांचा चष्मा चैनीत मोडत नाही, तो येथे साधनच आहे. एक जण नाळेवर (नौकेच्या पुढच्या टोकावर) उभा राहून हाताने खुणा करील आणि सुकाणूवरचा माणूस इंजिनावर मंद गतीने चालेल. ओरडून सूचना देण्यापेक्षा खुणा आधीच ठरवून घ्याव्यात, कारण वाऱ्यात शब्द उडून जातात. ढगाने सूर्य झाकला तर थांबावे.

टोबेगो कीजमध्ये एवढे काय आहे?

पेटी रामो, पेटी बातो, बाराडाल, जेम्सबी आणि पेटी टबाक ही पाच निर्जन बेटे आणि त्यांतल्या पहिल्या चारांच्या पूर्वेला घोड्याच्या नालेच्या आकाराची प्रवाळभिंत. ही भिंत अटलांटिकची लाट अडवते, वारा मात्र अडवत नाही. त्यामुळे माणूस महासागराकडे तोंड करून, मध्ये जमिनीचा तुकडाही नसताना, सपाट पाण्यात नांगर टाकून बसतो. रात्री वीस नॉट वाऱ्याने दोर वाजत असतात आणि तरीही टेबलावरचा पेला हलत नाही. संपूर्ण प्रवासात याच्या तोडीची जागा मला दुसरी वाटत नाही.

हा सागरी उद्यानाचा भाग आहे. उद्यानाचे रक्षक नौकेजवळ येऊन दरडोई रोजचे शुल्क घेतात, पावती देतात. बाराडालच्या किनाऱ्यालगत बोयांनी आखलेल्या पट्ट्यात हिरवी कासवे समुद्री गवत खायला येतात. त्यांना स्पर्श करू नये, पाठलाग करू नये आणि वर श्वास घ्यायला येणाऱ्या कासवाच्या वाटेत आडवे येऊ नये. पाण्यात स्थिर तरंगत राहिले तर ती स्वतःहून दोन-तीन मीटरवर येऊन चरत राहतात. गवत उपटताना त्यांच्या जबड्यातून उडणारी वाळूही दिसते. सेंट व्हिन्सेंटने २०१७ पासून कासवांच्या शिकारीवर पूर्ण बंदी घातली आहे. प्रवाळावर पाय ठेवू नये, मासेमारी करू नये, आणि सनस्क्रीनऐवजी लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा वापरावा.

नांगर टाकण्याची योग्य रीत कोणती?

वाऱ्याकडे तोंड करून नौका थांबवावी, खाली पांढरी वाळू आहे याची खात्री करावी आणि नौका मागे सरकू लागली की नांगर सोडावा. पूर्ण साखळी असेल तर खोलीच्या पाचपट, जोराच्या वाऱ्यात सातपट साखळी द्यावी. खोली नाळेच्या उंचीसह मोजायची असते : पाणी पाच मीटर आणि नाळ पाण्यापासून दीड मीटर उंच, तर साडेसहाला पाचाने गुणून सुमारे तेहतीस मीटर. त्यानंतर इंजिन हळूहळू मागे घेऊन नांगर रुतवावा.

एवढ्यावर थांबू नये. मास्क लावून पाण्यात उतरावे आणि साखळीच्या मागोमाग पोहत नांगरापर्यंत जाऊन पाहावे. नीट बसलेल्या नांगराचा फाळ वाळूत नाहीसा झालेला असतो, दांड्याचा मागचा भाग तेवढा वर दिसतो आणि त्याच्या पाठीमागे वाळूत ओढल्याची आखूड रेघ उमटलेली असते. रेघ लांबच लांब असेल तर नांगर पकड घेण्यापूर्वी बराच घसरला आहे असे समजावे. फाळ आडवा पडून टोकाने गवताच्या मुळांना अडकला असेल तर वरून सगळे ठीक वाटते, पण रात्रीच्या पहिल्या झोताबरोबर मुळे उपटतात. अशा वेळी कंटाळा न करता नांगर उचलून पुन्हा टाकावा. गवतात नांगर टाकणे कासवांच्या दृष्टीनेही वाईट आहे.

नांगराऐवजी मूरिंगच्या (नौका बांधण्यासाठी तळाशी पक्क्या केलेल्या) बोयाला नौका बांधली असेल तरी हीच तपासणी करावी. खालचा दोर कुरतडलेला आहे का, तो कशाला बांधला आहे, हे बुडी मारून पाहिल्याशिवाय त्या बोयावर रात्र काढू नये.

नौकेजवळ लहान बोटींतून विक्रेते येतात. त्यांच्याशी कसे वागावे?

त्यांच्याकडे उपद्रव म्हणून पाहणाऱ्यांविषयी मला वाईट वाटते. आपण त्यांच्या अंगणात नांगर टाकलेला असतो. ते बोयाला दोर बांधायला मदत करतात, सकाळी ताजा पाव, बर्फ, फळे आणून देतात, कचरा नेतात, किनाऱ्यावर मासे भाजून जेवण करतात. प्रथम नमस्कार-चमत्कार करावा, नाव विचारावे, नको असेल तर स्पष्ट पण सौजन्याने नाही म्हणावे. भाव आणि त्यात काय काय येते हे आधीच ठरवावे, आणि एकाला शब्द दिला असेल तर दुसऱ्याने स्वस्त सांगितले म्हणून तो मोडू नये. सेंट व्हिन्सेंटमध्ये मे ते ऑगस्ट शेवंड पकडण्यास बंदी असते. त्या काळात कोणी देऊ केली तरी घेऊ नये. परदेशी पाहुण्यांना भाल्याने मासेमारी करण्यासही तेथे मनाई आहे. चोऱ्या होतात त्या मुख्यतः डिंगीच्या आणि तिच्या इंजिनाच्या, म्हणून रात्री डिंगी उचलून, साखळी-कुलूप लावून ठेवावी.

भारतीय पारपत्रावर व्हिसा लागतो का? नौकेची कागदपत्रे कशी करायची?

सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडा या दोन्ही देशांत भारतीय पारपत्रधारकाला अल्प मुदतीच्या पर्यटनासाठी आधी व्हिसा घ्यावा लागत नाही. तरीही नियम बदलू शकतात, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी खात्री करावी. खरी अडचण वाटेतल्या विमानतळांची असते. अमेरिकेतून जाताना केवळ विमान बदलायचे असले तरी व्हिसा लागतो. उत्तरेचे मार्टिनिक बेट फ्रान्सचे आहे, तेथे जायचे झाल्यास फ्रान्सच्या सागरपार प्रदेशांसाठी ग्राह्य असलेला व्हिसा हवा. त्रिनिदादमध्ये मुक्काम करून भारतात परतणाऱ्याकडे पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र मागितले जाते. ती लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. सेंट व्हिन्सेंटला उतरून ग्रेनेडाहून परतणार असाल तर परतीचे तिकीट आणि चार्टर कंपनीचे पत्र दोन्ही हातात ठेवावे.

नौकेने देश बदलताना आधीच्या देशाचा निरोप आणि पुढच्या देशाचा प्रवेश अशा दोन पायऱ्या असतात. सोयीचा क्रम म्हणजे युनियनच्या क्लिफ्टन येथे निरोप घेऊन कॅरिआकूच्या हिल्सबरो किंवा टायरेल बे येथे प्रवेश करणे. माहिती सेलक्लिअर या संकेतस्थळावर आधी भरून ठेवता येते. प्रवेशाची नोंद होईपर्यंत उजवीकडच्या दोरावर पिवळा झेंडा लावावा, तोवर कप्तानाखेरीज कोणी किनाऱ्यावर उतरू नये. नोंद झाली की त्याच्या जागी यजमान देशाचा झेंडा चढवावा. कार्यालयात नीटनेटक्या कपड्यांत जावे. लष्करी ठिपक्यांचे कपडे दोन्ही देशांत नागरिकांना निषिद्ध आहेत, लहान मुलांनाही. ते सामानातच घेऊ नयेत.

शाकाहारी माणसाचे खाण्याचे हाल होतात का?

नाही, उलट बाजारात ओळखीच्या वस्तू भेटतात. १७९३ मध्ये कप्तान विल्यम ब्लाय याने प्रशांत महासागरातून ब्रेडफ्रूटची रोपे सेंट व्हिन्सेंटला आणली. कोकणात ज्याला आपण नीरफणस म्हणतो तोच हा. निखाऱ्यावर अख्खा भाजून, साल काढून, मीठ-लोणी लावून खातात. कलालू नावाचे सूप बहुधा अळूच्या पानांचे असते. तुरीचे दाणे भातात घालतात. जेवणाच्या टपरीवर डाळपुरी रोटी मिळते, आणि ती येथे कशी आली याला इतिहास आहे : ऊसमळ्यांवर राबण्यासाठी करारबद्ध भारतीय मजुरांना घेऊन पहिले जहाज ग्रेनेडाला १८५७ मध्ये आणि सेंट व्हिन्सेंटला १८६१ मध्ये लागले. हे मजूर मुख्यतः कलकत्ता आणि मद्रास येथून चढले होते. त्यांच्या वंशजांची भाषा गेली, पण डाळ भरलेली पोळी राहिली.

विक्रेत्याला मांस-मासे नकोत एवढे सांगणे पुरत नाही. खारवलेला मासा भाजीत चवीपुरता घालतात, त्याचाही उल्लेख करावा. तांदूळ, डाळ, मसाला भारतातून किंवा सेंट व्हिन्सेंटच्या किंग्जटाउन येथून घेऊन ठेवावा. लहान कुकर आणलात तर गॅस वाचतो.

गोड्या पाण्याचे काय?

ग्रेनेडीन्समध्ये नद्या नाहीत. छपरावरचे पावसाचे पाणी टाक्यांमध्ये साठवून लोक वर्ष काढतात. त्यामुळे नौकेवर भांडी समुद्राच्या पाण्यात घासून शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा द्यावा, अंघोळीचेही तसेच.

आरोग्याच्या दृष्टीने कोणती काळजी घ्यावी?

समुद्र लागत असेल तर गोळी निघण्यापूर्वी तासभर घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. मँचिनील या झाडाची ओळख मात्र पहिल्याच दिवशी करून घ्यावी. ते किनाऱ्यावरच वाढते, फळ लहान हिरव्या सफरचंदासारखे दिसते आणि फळापासून चिकापर्यंत सारे विषारी असते. पावसात त्याच्या खाली उभे राहिले तरी अंगावर फोड येतात. मुले सोबत असतील तर किनाऱ्यावरचे कोणतेही अनोळखी फळ उचलायचे नाही असा नियमच करावा. मोठ्या बाराकुडासारखे खडकाळ पाण्यातले मासे खाऊ नयेत; त्यांच्यात साठणारे, सिग्वाटेरा ही विषबाधा घडवणारे विष शिजवून जात नाही. लहान बेटांवर वैद्यकीय सोयी मर्यादित आहेत, म्हणून रुग्णाला हलवण्याचा खर्च देणारा प्रवासविमा घ्यावा.

होड्या बांधण्याची परंपरा अजून पाहायला मिळते का?

मिळते, आणि नौकाविहाराला आलेल्या माणसाने ती पाहिल्याशिवाय जाऊ नये. कॅरिआकूच्या विंडवर्ड गावात स्कॉटलंडहून आलेल्या सुतारांच्या वंशजांनी एकोणिसाव्या शतकापासून किनाऱ्यावरच लाकडी गलबते बांधली. नकाशा कागदावर नसतो, नजरेत असतो. फासळ्यांसाठी नैसर्गिक बाक असलेली फांदीच शोधून आणतात. नौका पाण्यात लोटण्याच्या दिवशी तिला उभे धरणारे टेकू कुऱ्हाडीने एकेक करून तोडतात, नौका अलगद कुशीवर येते आणि मग सारे गाव दोर ओढून तिला ओंडक्यांवरून पाण्यात नेते. २०२३ मध्ये युनेस्कोने या कलेची अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद घेतली. या स्थानिक नौकांची शर्यत कॅरिआकूत १९६५ पासून ऑगस्टच्या आरंभी भरते, आणि बेक्वेत ईस्टरला. दोन्ही टोकांना निमुळत्या असलेल्या बेक्वेच्या होड्यांचा घाट जुन्या व्हेलशिकारी होड्यांवरून आला आहे. आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाच्या परवानगीने तेथे आजही मर्यादित शिकार चालते. ज्यांना रत्नागिरी-मालवणकडचे होड्यांचे वाडे ठाऊक आहेत त्यांनी विंडवर्डला अर्धा दिवस द्यावा. काम चालू असेल तर विचारून जवळ जावे. कारागीर मोकळेपणाने बोलतात.

कॅरिआकू ते ग्रेनेडा या शेवटच्या टप्प्यात समुद्राखाली ज्वालामुखी आहे, हे खरे का?

खरे आहे. ग्रेनेडाच्या उत्तर टोकापासून सुमारे आठ किलोमीटरवर किक एम जेनी नावाचा ज्वालामुखी पाण्याखाली आहे. १९३९ मधील उद्रेकाने त्याचा पत्ता लागला. त्याच्याभोवती दीड किलोमीटरचे क्षेत्र नौकांना कायम बंद असते आणि हालचाल वाढली की ही मर्यादा पाच किलोमीटरची होते. उद्रेकाखेरीज दुसरे कारण असे की त्यातून निघणाऱ्या वायूच्या बुडबुड्यांनी पाण्याची घनता घटते आणि नौकेचा तरंगण्याचा आधार कमी होतो. निघण्यापूर्वी त्या दिवशीची मर्यादा तपासावी आणि नकाशावर तेवढे वर्तुळ आखून घ्यावे.

टायरेल बे ते ग्रेनेडाची राजधानी सेंट जॉर्जेस हा तीसेक मैलांचा टप्पा असल्यामुळे सकाळी उजाडताच निघावे. पहिला अर्धा भाग खुल्या समुद्राचा आहे. ग्रेनेडाच्या पश्चिम किनाऱ्याच्या आडोशाला आल्यावर वारा डोंगरांवरून तुटक झोतांनी येतो, मध्येच पूर्ण पडतो, आणि तेथे बहुतेक जण इंजिन सुरू करतात. सेंट जॉर्जेसच्या थोडे अलीकडे मोलिनेअर बे येथे २००६ मध्ये पाण्याखाली मांडलेली शिल्पे आहेत. दुपारी दोनपूर्वी पोहोचलात तर उद्यानाच्या बोयाला बांधून ती पाहता येतात. नौका परत करण्याची वेळ बहुधा सकाळची असते, त्यामुळे आदल्या संध्याकाळीच बंदरात येऊन डिझेल भरून ठेवावे, आणि विमान त्याच दिवशीचे घेऊ नये.